घरची चार बोटं

“माप मारता व्हय ओ? तीन पिढ्यांचं दुकान म्हनून मिरवता, अन् बायामानसांच्या झंपरात माप मारता?”

हौसाबाई दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या आणि त्यांचा आवाज त्यांच्यापुढं दहा पावलं चालत होता. आठवडे बाजाराचा दिवस, सकाळचे अकरा. त्यांच्या पहिल्या वाक्याला पेठेतली कबुतरं उडाली, दुसऱ्याला ती पार शेजारच्या अकोले तालुक्यात जाऊन बसली, आणि तिसऱ्याला, शपथेवर सांगते, प्रवरेचं पाणी घाटाची एक पायरी खाली उतरलं. काखेत गाठोडं होतं. ते त्यांनी आमच्या गादीच्या पांढऱ्या खोळीवर आपटलं. गाठ सुटली आणि आतून फुलाफुलांचे ब्लाऊजपीस घरंगळत बाहेर आले. एकूण एक्केचाळीस. मोजायची गरजच नव्हती. दोनच दिवसांपूर्वी मी ते माझ्या हातानं फाडून दिले होते.

“हौसाबाई, आधी बसा,” माझे वडील, बापू, म्हणाले. “पाणी घ्या.”

“पानी नको मला! शिंप्यानं तोंडावर टाकलं समदं कापड. म्हनतो, बाई, ह्यात आंग निघतंय, बाह्या न्हाई निघत. एक्केचाळीस बाया हायेत आमच्या भावकीत. लग्नात काय बिनबाह्यांच्या उभ्या करू? चार दिसांवर लगीन आलंय माझ्या भाचीचं!”

हौसाबाई नवऱ्या मुलीची आत्या. अकोल्याच्या अंगाला डोंगरात त्यांचं गाव, आणि त्या गावातलं पानही त्यांना विचारून गळायचं. मागं त्यांचे यजमान तुकाराम मिस्त्री हातातली टोपी फिरवत उभे होते. गवंडीकामातला नावाजलेला माणूस, पण घरी बोलायची संधी न मिळाल्यामुळं बाहेरही बोलायचं विसरलेला. आणि त्या दोघांच्या मागं, कोथिंबिरीच्या जुड्या नि मेथीच्या पेंढ्या हातात घेऊन, अर्धा बाजार.

आता हौसाबाईंना जरा ओरडू द्या. त्यांचा दम एवढ्यात संपणारा नव्हे. तोवर मी तुम्हाला दुकान दाखवते.

संगमनेरच्या पेठेत आमच्या दुकानाच्या पाटीवर पणजोबांचं लांबलचक नाव होतं, पण तालुक्यात कुणी ते पुरतं वाचलं असेल असं वाटत नाही. सगळे म्हणायचे ‘दोन खांबी’. पुढं दोन सागवानी खांब, मध्ये गादी, मागं छतापर्यंत मांडण्या, आणि मांडण्यांच्या मागच्या दारातून थेट आमचं स्वयंपाकघर. दुकान कुठं संपतं आणि घर कुठं सुरू होतं हे आम्हालाही नीट ठाऊक नव्हतं. आमच्या आमटीला नव्या कापडाच्या खळीचा वास यायचा आणि मांजरपाटाच्या ताग्यांना फोडणीचा. आई चुलीपुढं बसून नुसत्या फाडण्याच्या आवाजावरून बाहेर काय खपतंय ते सांगायची. पॉपलीन टर्रकन फाटतं, मलमल फिस्स करते, आणि खादी म्हणे म्हाताऱ्यासारखी कण्हत फाटते. एकदा तर तिनं आवाजावरून कापडाचा रंगही ओळखला होता. हसा, पण तो गुलाबीच निघाला.

आमचा खरा व्यवसाय म्हणजे बस्ता. आता मुलींना हे समजावून सांगावं लागतं. माझी नात मोबाईलपुढं उभी राहून साड्या दाखवते आणि कुठल्या कुठल्या गावच्या बायका घरबसल्या त्या मागवतात, तिला बस्ता हा शब्द हसण्यावारी वाटतो. तेव्हा लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं टेम्पो भरून एकाच दुकानात यायची आणि नवरीच्या शालूपासून नवऱ्याच्या मामाच्या टॉवेल-टोपीपर्यंत सगळं कापड एका बैठकीत काढायची. बैठक सकाळी बसायची ती दिवेलागणीला उठायची. मध्ये दोन रुसवे, एक भांडण आणि किमान एका मामाचं उठून जाणं हे ठरलेलं. जेवण दुकानाकडून. आई लापशी करायची, आमटी-भात करायची, भाकरीबरोबर हुलग्याचे शेंगोळे करायची, आणि चहाबरोबर परातभर गुळाची गुडीशेव. मी एका बस्त्यात एकशे साठ माणसं जेवलेली बघितली आहेत. आई म्हणायची साठ. ती मोजायची कंजूषपणे.

आणि या सगळ्याच्या मध्यभागी गज, एक वार मोजायचा. लोखंडी, चौकोनी, मधे हात लागून लागून आरशासारखा झालेला. पणजोबांनी पाठीवर गाठोडं घेऊन गावोगाव कापड विकलं तेव्हापासूनचा. सरकारी शिक्क्याची मीटरपट्टी भिंतीवर टांगलेली असायची, ती तपासनीस आला की खाली उतरायची. गिऱ्हाईक मात्र वारावर मागायचं, त्यामुळं ती पट्टी आणि आमचा गज यांची कधी सोयरीकच जुळली नाही. गजाचं एक टोक सरळ होतं आणि दुसरं जरा वेडंवाकडं, बोथट. त्याची गोष्ट मी शाळेत सांगायची. पणजोबांच्या मागं डोंगरात बिबट्या लागला, त्यांनी गज त्याच्या जबड्यात घातला, आणि बिबट्यानं टोक चावलं. दुसरीत असताना एक बिबट्या होता. सातवीत गेले तोवर मादी आणि दोन पिल्लं आली. माझ्या कुठल्याही गोष्टीत थोडं कापड जास्तच निघतं, आणि त्याचं कारण आमच्या घरची रीतच तशी होती.

ती रीत म्हणजे चार बोटं. कापड गजाला लावायचं, टोकाशी आलं की टोकाच्या पुढं डाव्या हाताची चार बोटं आडवी ठेवायची, आणि त्या बोटांच्या पलीकडे कात्रीचं टोक लावून फाडायचं. आणि मोठ्यानं म्हणायचं, “आणि ही चार बोटं घरची.” म्हणजे आमच्या घरची, आमच्याकडून, वरची. आजोबा, म्हणजे अण्णा, म्हणायचे. बापू म्हणायचे. गिऱ्हाईक हे वाक्य ऐकायला यायचं असं मी म्हटलं तर ती मात्र थाप नाही. म्हाताऱ्या बायका तो उच्चार झाल्याशिवाय कापडाला हात लावायच्या नाहीत. दूरच्या खेड्यांतली माणसं नव्या सोयऱ्यांना सांगायची, “दोन खांबीला चला, तिथं चार बोटं जास्त देत्यात.” बापूंची मान त्या चार बोटांवर उभी होती. त्यांना कुणी रावसाहेब म्हटलं असतं तरी त्यांना तेवढं बरं वाटलं नसतं.

माझा मोठा भाऊ नगरला कारखान्यात लागला आणि त्यानं स्वच्छ सांगितलं की जन्मभर बायकांपुढं साड्या उलगडणं त्याला जमणार नाही. समोर एक नवं दुकान झालं होतं, काचेच्या कपाटांचं, पुतळ्यांना साड्या नेसवलेलं. आम्ही त्याच्या मालकाला नुसतं ‘काचवाला’ म्हणायचो. तो दर महिन्याला गोड बोलून विचारायचा, “बापू, जागा कधी देताय?” मी हट्ट धरला की गादीवर मी बसणार. आत्या-मावश्यांनी तोंडाला पदर लावला. शेवटी बापू म्हणाले, “दिवाळीपर्यंत बघतो. दुकानाच्या नावाला खोट आली, तर तुझं लग्न आणि दुकान समोरच्याला. दोन्ही एकाच दिवशी.”

मी गादीवर बसले त्या सकाळी अण्णांनी माझा डावा पंजा हातात घेतला. अण्णा तेव्हा ऐंशीला टेकलेले, कानानं अर्धे, डाव्या खांबाला टेकून दिवसभर शेंगा फोडत बसायचे. त्यांनी माझी बोटं उलटीपालटी करून बघितली, वैद्य नाडी बघतो तशी, आणि म्हणाले, “हिची बोटं बारीक आहेत. हिनं पाच घालावीत.”

बापू हसले. “अण्णा, नाव चार बोटांचं आहे आपलं. पाच देऊन काय दुकान वाटून टाकायचंय?”

मीही हसले. म्हातारं माणूस, चालायचंच.

आणि आता माझा गुन्हा सांगते. मी अकरावीला वाणिज्य शाखेत होते, आणि अकरावीतल्या माणसाइतकं शहाणं जगात कुणी नसतं. मला वाटायचं, ही चार बोटं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. काचवाला एक सूत जास्त देत नाही आणि त्याच्याकडं गर्दी, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वाटतोय आणि आमचं छप्पर गळतंय. हौसाबाईंचा बस्ता आला तेव्हा बापू शालूच्या भांडणात गुंतले होते. नवरीला अंजिरी हवा होता, हौसाबाईंना नवरीसाठी मोरपिशी हवा होता, आणि दोघी माघार घेईनात. ब्लाऊजपीस माझ्याकडं आले. भावकीतल्या एक्केचाळीस बायकांना एका ताग्यातले, एकाच फुलांचे, म्हणजे कुणी कुणावर रुसायला नको. मी गज लावला. टोकाशी आले. मोठ्यानं म्हटलं, “आणि ही चार बोटं घरची.” आणि बोटं ठेवली टोकाच्या अलीकडं, गजावरच. तोंडानं देत होते, हातानं घेत होते. एक्केचाळीस वेळा. कुणाचं लक्ष नव्हतं. बायका बोटं बघत नाहीत, वाक्य ऐकतात, हे मला पहिल्या तीन तुकड्यांतच कळलं. शेवटी ताग्याच्या बुडाशी चांगला साडेतीन वारांचा तुकडा उरला. तो मी घडी करून गादीखाली सरकवला. दिवाळीला बापूंपुढं ठेवणार होते. म्हणणार होते, बघा, दादाला जमलं नसतं ते मी केलं.

पण, आणि हे नीट ध्यानात घ्या, मला वाटत होतं मी कुणाचं काही घेतलेलं नाही. वार मागितला, वार दिला. आमची वरकड तेवढी ठेवून घेतली. म्हणून त्या दिवशी हौसाबाई ‘माप मारलं’ म्हणाल्या तेव्हा मला घामाच्या आधी राग आला. माझ्या हिशेबी प्रत्येक तुकडा टोकाला टोक, पुरा एक वार होता.

तेव्हा चला परत पायरीवर. हौसाबाई तिथंच आहेत.

“आमच्याकडं माप कमी जात नाही,” बापू म्हणत होते. आवाज शांत होता, पण गजावरची त्यांची मूठ पांढरी पडली होती. “शिंप्यानं कापताना चूक केली असेल.”

“चाळीस वर्सांचा शिंपी हाय त्यो, आंधळा न्हाई!” हौसाबाईंनी एक तुकडा बापूंच्या नाकापुढं फडकवला. “हा धरा. लावा तुमच्या गजाला.”

बापूंनी तुकडा गजाला लावला. टोकाला टोक. एक सूत इकडं नाही, एक सूत तिकडं नाही. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “पुरा हाय की!” मी छाती फुगवली. बापूंची मात्र नजर त्या टोकावर थबकली. त्यांना दिसलं की कापड टोकाशीच संपतंय. चार बोटं नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. अजून नाही.

“तुमच्या गजानं पुरा,” हौसाबाई म्हणाल्या. “गज कुनाचा? तुमचाच. अहो, उभं काय ऱ्हायलात? काढा की टेप!”

तुकाराम मिस्त्रींनी खिशातून पोलादी टेप काढला. चोरी करताना पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. बापूंना नाही म्हणता आलं असतं. पण त्या माणसाची मान चार बोटांवर उभी होती, हे मी सांगितलंच आहे. त्यांनी गज दोन्ही हातांवर आडवा धरला आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं म्हणाले, “मोजा, मिस्त्री. खुशाल मोजा. वाराच्या छत्तीस इंचांना एक इंच कमी भरला, तर आज फळ्या लावीन आणि उद्या उघडणार नाही.”

समोर काचवाला दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्या हातात चहाचा कप होता आणि तो पीत नव्हता.

टेप सरसरत बाहेर आला. मिस्त्रींनी एक टोक लावलं, दुसऱ्या टोकाशी वाकले, डोळे बारीक केले. पुन्हा वाकले. टेप मागं घेतला, पुन्हा लावला. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून शब्द आला, आणि तो इतका हळू होता की लांबच्या भाजीवाल्यांनी एकमेकांना विचारलं, काय म्हणाला, काय म्हणाला.

“तेहतीस,” मिस्त्री म्हणाले.

बाजारातल्या तराजूंचे काटे थांबले. मागं स्वयंपाकघरात आईच्या हातातली भाकरी तव्यावर न पडता तशीच राहिली. खोटं वाटलं तर तिच्यावर उमटलेली बोटं बघायला बोलावलं असतं, पण ती भाकरी आम्ही त्याच दिवशी खाल्ली.

मग हौसाबाई बोलल्या, आणि या खेपेला ओरडल्या नाहीत. तेच जास्त भयंकर होतं. “तीन इंच. दर वाराला तीन इंच. माझ्या सासूचा बस्ता हितनं. माझा हितनं. माझ्या जावांचा हितनं. तीन पिढ्या आमी हितं आलो, बापू.”

“पण आम्ही चार बोटं...” बापू म्हणाले. “हौसाबाई, आम्ही दर वाराला चार बोटं...”

“कुठं हायेत?” त्यांनी तुकडा पुन्हा वर धरला. “दाखवा ह्याच्यात. कुठं हायेत तुमची घरची बोटं?”

बापूंनी तेव्हा माझ्याकडं पाहिलं. एकदाच. रागानं पाहिलं असतं तर मी रागाला राग दिला असता, ते मला चांगलं येतं. पण ते वाट बघत असल्यासारखे पाहत होते. मी गप्प बसले असते तर बापू लबाड ठरत होते आणि दुकान गेलंच होतं. मी बोलले असते तर लबाड मी ठरत होते, आणि माझी गादी गेलीच होती. गर्दीतली एक म्हातारी कडेला वळली आणि सुनेला म्हणाली, “चल गं, समोर जाऊ.” सून वळली. तिच्या मागं आणखी दोघी वळल्या. काचवाल्यानं कप खाली ठेवला आणि चपला बाजूला सारून पायरी मोकळी केली.

मी गादीची कड उचलली. खालची घडी बाहेर काढली आणि झटकून उलगडली. साडेतीन वार फुलं सगळ्यांच्या पायांपर्यंत पसरली.

“ही आहेत बोटं,” मी म्हणाले. “एक्केचाळीस तुकड्यांची. बापूंनी नाही, मी ठेवली. तोंडानं म्हटलं आणि दिली नाहीत. मला वाटलं, वरची आहेत.”

“आगं माझे बाय!” हौसाबाई म्हणाल्या, आणि हात कमरेवर ठेवला. आता त्या माझी सालपटं काढणार एवढ्यात डाव्या खांबापाशी शेंगांची टरफलं कुरकुरली.

अण्णा उठत होते. आमच्या घरी अण्णांनी उठणं म्हणजे खांबानं चालायला लागणं. एका हातानं खांब धरत ते गादीपर्यंत आले, बसले, बापूंच्या हातावरचा गज उचलून मांडीवर घेतला. कुणाकडं न बघता त्यांनी ताग्याच्या उरलेल्या त्याच तुकड्याचं टोक गजाला लावलं, कापड सरळ केलं, आणि वेड्यावाकड्या टोकाच्या पुढं आपली चार बोटं ठेवली. जाड, चपटी, शेंगा फोडून काळवंडलेली बोटं.

“मिस्त्री,” ते म्हणाले, “आता मोजा. बोटं धरून.”

टेप पुन्हा सरसरला. मिस्त्री वाकले. या वेळी एकदाच.

“छत्तीस,” ते म्हणाले. “बरुबर छत्तीस. रेषेवर.”

अण्णांनी बोटं उचलली नाहीत. “मी चौदा वर्षांचा होतो,” ते म्हणाले. “गुळाच्या डब्याचं झाकण बसलं होतं. गज घालून उचकटलं. टोक मोडलं. वडिलांनी मारलं नाही. म्हणाले, मोडलंस तेवढं तुझ्या बोटांनी भर. दर वाराला. कुणाचं कमी जाता कामा नये. मी भरत आलो.”

बिबट्या गेला, मादी गेली, पिल्लं गेली. राहिला गुळाचा डबा.

मी बापूंकडं पाहिलं. त्यांचा चेहरा त्यांच्या अंगावरून कुणी सदरा काढून नेल्यासारखा झाला होता. त्यांना ठाऊक नव्हतं. पन्नास वर्षांचा माणूस, लहानपणापासून ‘घरची, घरची’ म्हणत मान उंच करून दिलं, आणि दिलं काय, तर लोकांचंच लोकांना.

“मला तरी सांगायचं,” ते हळू म्हणाले.

“तू लहान होतास,” अण्णा म्हणाले. “मग मोठा झालास. मग राहिलं.”

हौसाबाई हे सगळं ऐकत होत्या. त्यांच्या डोक्यात ते फिरत गेलं, आणि जागेवर बसलं, आणि त्यांचं तोंड असं काही उघडलं की पुढं काय येणार, शिव्या की दगड, हे पेठेतल्या कुणालाही सांगता आलं नसतं. आलं हसू. आधी नाकातून, मग पोटातून. त्या पायरीवरच बसल्या.

“म्हंजी तीन पिढ्या तुमी आमाला फुकटचं देतो म्हनून मिरवलात,” त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “अन् देत हुता आमचंच! माझी सासू मरेस्तोवर तुमच्या चार बोटांचे उपकार सांगत हुती ओ!”

गर्दीही हसली. पण ते हसू कुठल्या बाजूला पडेल हे अजून ठरलं नव्हतं. समोरच्या पायरीवर पोचलेली म्हातारी तिथंच थांबून मागं बघत होती. बापूंनी उठून मांडणीवरून त्याच फुलांचा दुसरा तागा काढला. गादीवर टाकला, उलगडला. गज घेतला. पहिला वार लावला, टोकाशी आले, बोटं ठेवली आणि सवयीनं तोंड उघडलं.

“आणि ही चार बोटं...”

पुढं शब्द येईना. कात्री हातात तशीच. मी, अण्णा, आई दारात पिठाच्या हातांनी, सगळे त्यांच्या ओठांकडं बघत होतो. मला वाटलं, आता हे कात्री खाली ठेवतात आणि फळ्या लावतात.

“म्हना की,” हौसाबाई पायरीवरून म्हणाल्या. “कुनाची?”

बापूंनी त्यांच्याकडं पाहिलं. “तुमची,” ते म्हणाले.

“हां. फाडा आता.”

टर्रकन आवाज झाला. आत आई म्हणाली असेलच, पॉपलीन. एक्केचाळीस तुकडे बापूंनी एकट्यानं फाडले, एक्केचाळीस वेळा ‘तुमची’ म्हणाले, आणि दर वेळी ते वाक्य किंचित कमी दुखलं असं मला वाटलं. मिस्त्रींनी न सांगताच मधेमधे टेप लावून पाहिला. हौसाबाईंनी नवे तुकडे घेतले आणि जुनेही घेतले, साडेतीन वारांच्या तुकड्यासकट. “ह्यांची झबली-टोपडी हुतील,” म्हणाल्या. “लगीन लागतंय म्हनल्यावर वर्साच्या आत लागतीलच.” जाताना माझ्यापुढं थांबल्या, माझी हनुवटी धरून डोकं हलवलं, आणि माझ्या कानात जे म्हणाल्या ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. इथंही लिहिणार नाही. पुढं त्यांच्या भाचीच्या मुलीचा बस्ता मीच फाडला, एवढं सांगते. समोरच्या पायरीवरची म्हातारी परत आली की नाही, हे मला खरंच आठवत नाही. मी गोष्ट सांगते तेव्हा येते.

दुपारी जेवायला बसलो. आईनं शेंगोळे वाढले, बापूंनी मान खाली घालून खाल्ले. अण्णांनी दोनदा वाढून घेतले, जणू साठ-सत्तर वर्षांचं एक गाठोडं उतरल्यावर भूक लागली होती. दुपारनंतर मी गादीवर बसले नाही. मांडण्यांमागं उभी राहून उगाच घड्या मोडत आणि घालत राहिले. बापूंनी मला हाक मारली नाही. मला दिवाळी आठवत होती, लग्न आठवत होतं, आणि काचवाल्याची मोकळी केलेली पायरी आठवत होती.

दिवेलागणीला ते फळ्या लावायला उठले. मी दुसऱ्या बाजूनं फळी धरली, रोजच्यासारखी. चार फळ्या लागल्या. शेवटची राहिली. बापूंनी गज पुसला, त्या मोडक्या टोकावरून अंगठा फिरवला आणि खुंटीला टांगला.

“बापू,” मी म्हणाले, “उद्या मी गादीवर बसू, का नको?”

त्यांनी फळी खाचेत सरकवली, कडी घातली, कुलूप ओढून पाहिलं.

“बस,” ते म्हणाले. “पाच घाल.”